गोटीरामशेठच्या मूत्रपिंडाचं संपादन

कोणत्याही भूसंपादनात पहिल्या नोटिशीला जो जागा सोडतो, तो जन्मभर हळहळत बसतो. नव्या मुंबईतल्या खाडीकाठच्या गावांनी हे ज्ञान शेतजमिनी देऊन मिळवलं होतं, त्यामुळे ते सहसा कुणी विसरत नसे. गोटीरामशेठ तर प्रकल्पग्रस्त समितीचे अध्यक्षच. हरकती नोंदवून, मोर्चे काढून आणि मोजणीला आलेल्या साहेबांना भरपेट जेवू घालून (मग साहेब झोपत आणि मोजणी पुढे ढकलली जाई) त्यांनी गावठाण राखलं होतं. पुढे गेलेल्या शेतजमिनीच्या बदल्यात साडेबारा टक्क्यांचा भूखंड मिळाला, कळंबोलीतली जागा ट्रकवाल्यांना आणि एका ढाब्याला भाड्याने गेली, आणि शेठच्या अंगावर जी चरबी चढली ती गावाने लढ्याचं यश मानली.

शहाण्णव साली मुतखडा समजून सोनोग्राफी केली, तर डाव्या मूत्रपिंडावर गाठ निघाली. सर्जन डॉ. इद्रीस मुकादम मूळचे उरणकडचे, म्हणजे घरचेच.

"कॅन्सर आहे, पण लहान आहे, पसरलेला नाही," ते म्हणाले. "लवकर मूत्रपिंड काढून टाकू. दुसरं ठणठणीत आहे. जाड माणसांना हा आजार जास्त होतो, शेठ."

शेठचा चेहरा पडलेला पाहून डॉक्टरांना दया आली आणि त्यांनी पुढे जोडलं, "गंमत म्हणजे जाड माणसांत तो पुष्कळदा कमी आक्रमक निघतो. का, ते अजून नक्की ठाऊक नाही." (डॉक्टरांनी दया करावी की नाही, यावर वैद्यकशास्त्रात मतभेद असावेत.)

शेठना एकदम हायसं वाटलं. आजार ओळखीचा निघाला. ज्याच्याकडे आहे त्याच्यावरच डोळा ठेवायचा, पण वजनदार पार्टी दिसली की दबकत पावलं टाकायची, ही जमीन घेणाऱ्या साहेबांची चाल त्यांनी उभ्या आयुष्यात पाहिली होती.

"मूत्रपिंडाच्या बदल्यात आमाला काय मिलनार?" त्यांनी विचारलं.

"जीव वाचेल."

"जीव तर आमचाच हाय. त्यो मोबदल्यात कसा धरता?"

समितीची तातडीची सभा झाली. सेक्रेटरी विलासने ठराव मांडला की मूत्रपिंडाचा ताबा घाईने देऊ नये आणि निर्णय होईपर्यंत अध्यक्षांची चरबी, हेच एकमेव संरक्षण असल्याने, आहे त्या स्थितीत राखावी. अंमलबजावणी आदर्श झाली. घराघरातून मटणाचे, कोळंबीचे, तांदळाच्या भाकऱ्यांचे डबे येऊ लागले. आजारी माणसाला एकट्याने जेवायला लावणं बरं दिसत नाही म्हणून कार्यकारिणीही सोबत बसे. थोड्याच दिवसांत सगळी कार्यकारिणी सुरक्षित झाली. किडकिडीत जोतीराम मास्तरांना मात्र राजीनामा द्यायला लावला, कारण त्यांची जबाबदारी घेणं समितीला परवडेना.

शेठची बायको गोजराबाई सभांना नसे (चहा तिच्याकडे असे). डॉक्टरांच्या बोलण्यातलं तिने एकच धरून ठेवलं होतं, की गाठ अजून लहान आहे.

"आवो, ती गाठ तुमची हरकत वाचनार हाय का?"

"तुला त्यातलं कलत नाय."

चुलीपाशी बसून ती पोटभर रडली. मग डोळे पुसून तिने स्वयंपाकाचा ताबा घेतला. डबे दारातूनच परत जाऊ लागले. शेठच्या ताटात पेज, दुधी आणि कारलं. शेठ रागाने कळंबोलीच्या ढाब्यावर गेले, तर मालक हात जोडून म्हणाला की जेवण संपलं. (जागेचं भाडं गोजराबाई वसूल करी.)

पावसाळा संपायच्या आत शेठची पॅन्ट कमरेवरून घसरू लागली. त्यांनी आरशात पाहिलं आणि त्यांना दरदरून घाम फुटला. संरक्षण चाललं होतं. बारीक माणसाच्या अंगात हा आजार कसा वागत असेल, या विचाराने त्यांनी त्याच दुपारी डॉक्टरांचं दार ठोठावलं.

"अजून थोरी शिल्लक हाय," ते पोट दाखवत म्हणाले. "तवर उरकून टाका."

मूत्रपिंड निघालं. गाठ आतच होती, बाहेर पसरली नव्हती. "वेळेत आलात," असं डॉक्टर म्हणाले तेव्हा गोजराबाईने हॉस्पिटलच्या व्हरांड्यात, लोकांची पर्वा न करता, हंबरडा फोडला. समितीने चरबीच्या अभिनंदनाचा ठराव एकमताने मंजूर केला. त्यात गोजराबाईचं नाव नव्हतं, पण त्या सभेचाही चहा तिनेच केला होता.

समितीचं सभासदत्व आता सर्वांना खुलं आहे. वर्गणी नाही, अर्ज नाही. डॉक्टरांनी सांगितलेली तपासणी ज्यांनी "एवढं लग्न पार पडू दे" म्हणून पुढे ढकलली आहे, त्यांची नावं समितीने परस्पर घालून टाकली आहेत. आपलं नाव त्यात नसावं असं वाटत असेल, तर एकदा घरच्यांना विचारून पाहावं.