हंस तळ्यापार गेला त्याची बखर

श्रीरेषादेवी प्रसन्न. उत्तर दालनाचे कुलूप बदलले. खारका आल्या त्या किडक्या. हत्ती आजारी, परंतु माहूत खुशाल. राजगुरूंस उचकी. शके रेषांचे सातवे, संवत्सराचे नाव अद्याप मुक्रर नाही, ते समयी चित्रांचे राज्यात तंटा उभा राहिला, त्याची हकीकत ऐसीजे.

या राज्यी चित्रे निव्वळ रेषांची. रुमालाएवढे काढिले आणि तंबूएवढे ताणिले तरी कड फाटावयाची नाही, ऐसी त्यांची कीर्त. आणि चित्रे हलतही असत. कारखान्याची मुख्य गोजराबाई चितारीण, ती चित्राचे अंगातच घटिका बसवी, कोठून निघावे आणि किती वेळात कोठे पोहोचावे हे चित्रास आधीच सांगून ठेवी, परदेशी लोक यास टायमर म्हणत. मग चौकट उघडली की चित्र आपले आपण चाले आणि बाई सुपारी कातरीत बसे. इतक्यात विसाजीपंत पुकारे नामे सरदार आले, त्यांजपाशी हुकूमनामा, त्याचेच नाव स्क्रिप्ट. पंतांचे चित्रास स्वतःची अक्कल नाही. पंत बाजूस उभे राहून क्षणोक्षणी पुकारीत, मान उचल, आता पाय, आता दुसरा पाय, आणि चित्र तैसे करी. पंत बोलले की माझा मोर पाहुणा पाहून नाचेल, बाईचा मोर घर जळो की लग्न लागो, ठरला तोच नाच नाचणार. हे खरेच होते, म्हणून बाईस फार झोंबले.

मग राणीसाहेबांनी फर्माविले की सणाचे दिवशी दोघांनी उत्तर दालनात एकेक हंसाचे चित्र लावावे, हंसाकडून चित्रातले तळे पार करवावे, आणि ज्याचा हंस पार होणार नाही त्याची रीत राज्यातून खारीज. बाईचे तोंडचे पाणी पळाले. रीत गेली तर जन्मभर बसविलेल्या घटिका आपल्याच हाताने खरवडाव्या लागणार, आणि त्यांत तिचे मयत यजमानांचे चित्र, जे अजून मिशीस पीळ देत असे.

सण उजाडला आणि पंत दालनाचे दारी गेले, तो देवडीवर अडविले. कायदा ऐसा की चित्र आत जाईल, चित्रासंगे बोलणारा जाणार नाही, कारण परका मनुष्य आत बोलू लागला तर उद्या खजिन्याच्या किल्ल्या मागेल.

पंत बोलले, "अरे, मी बोललो नाही तर हंस हलेल कसा?"

"ते हंसास विचारा, पंत," देवडीवाला बोलला. "मला फक्त दार ठाऊक."

मग पंत दारातूनच ओरडले, परंतु दाराबाहेरची हाक हंस मानीना आणि तो अलीकडील तीरी, सासुरवाडीस प्रथम आलेल्या जावयासारखा, अवघडून उभा. बाई मनी हरखली, आत गेली, आणि पाहते तो काय. तिचा हंस पलीकडील तीरी चिडीचूप. झाले ऐसे की फरासांनी केर काढून पहाटेच चौकट उघडली आणि उघडताच घटिका सुरू झाली, ती पाहणारा आला की नाही हे पुसत नसते. आणि सणाचे दिवशी उघडलेली चौकट सूर्यास्तापूर्वी मिटणे अपशकुन, म्हणून पुन्हा चालविण्याचीही सोय राहिली नाही.

दारातून पंत बोलले, "बाईंचा हंस माझ्याहूनही निवांत दिसतो." दरबार हसला.

बाईने पदर सावरला आणि बोलली, "सरकार, हंस पोहोचला आहे. पोहोचताना कोणी पाहिला नाही, इतकेच."

"मग साक्ष कोणाची?" पंत बोलले.

बाईपाशी साक्ष नव्हती. ती आपले हातांकडे पाहू लागली, घटिका खरवडावयाच्या त्या याच हातांनी.

राणीसाहेब हंसाकडे पाहून बोलल्या, "दमलेला दिसतो. पोहूनच आला असणार. बाईंच्या घटिका राहतील."

पंत चकित जाहले, बाई त्याहून चकित जाहली, आणि राजगुरूंची उचकी थांबली. पंतांचा हंस दाराचे कायद्याने अडला, म्हणून त्यांचीही रीत खारीज न करता त्यांस अंगण दिधले, तेथे बोलण्यास मुभा, तेथे त्यांचे मोर पाहुणे पाहून नाचतात. येणेप्रमाणे आत घटिका आणि बाहेर हुकूम ऐसी वाटणी होऊन तंटा मिटला, राज्य सुखी जाहले.

त्या पहाटे फरासांनी चौकट उघडून पाठ फिरविली, तेव्हा राणीसाहेब अनवाणी, केस मोकळे, खांबाआड एकट्याच उभ्या होत्या, आणि हंस पैलतीरी लागेपर्यंत तेथून हलल्या नाहीत.