जोशीबुवांची झटपट कोटिज्या

सवाई माधवरावांच्या अमदानीतली गोष्ट. सदाशिव पेठेतल्या एका लग्नमांडवात दीनानाथ जोशी सकाळी येऊन बसले आणि मुहूर्ताच्या कागदासाठी उपरण्याची गाठ चाचपू लागले. गाठ नव्हती, कारण उपरणं दुसरं होतं. कालचं कागदासकट परटाकडे गेलं होतं.

"आता हो?" वराचे वडील श्रीनिवासपंत म्हणाले.

"आता पुन्हा मांडतो."

जोशीबुवांनी उन्हात उभ्या केलेल्या शंकूची, म्हणजे खुंटीची, सावली मोजली, धूळपाटी ओढली. सूर्याच्या उंचीची ज्या, म्हणजे आजची साइन, निघाली १७१९. त्रिज्या ३४३८ ठरलेलीच. हवी होती कोटिज्या, आजची कोसाइन. म्हणजे त्रिज्येच्या वर्गातून ज्येचा वर्ग वजा करून मूळ काढायचं. बुवांनी वर्ग केलेच नाहीत. दोन आकड्यांची बेरीज केली, वजाबाकी केली, त्या दोहोंचा गुणाकार करून मूळ काढलं आणि मान वर केली.

"मुहूर्ताला दोन घटका आहेत."

"इतक्यात झालं? आमच्या थोरल्याच्या लग्नात तिथल्या जोश्यांना अख्खी सकाळ लागली होती."

"त्यांनी वर्ग केले असतील. बेरीज गुणिले वजाबाकी केली तरी उत्तर तेच येतं."

"तेच येत असेल तर वर्ग करून दाखवायला हरकत नसावी. नाहीतर आम्ही वरात परत नेतो."

मुलीच्या बापाचा चेहरा उतरला. गलक्यात चूक नको म्हणून पंतांनी बुवांना परसातल्या ओट्यावर नेलं. पहिला वर्ग आठ आकडी आला. दुसरा होत आला तेवढ्यात पंतांनी तपकीर ओढली आणि पाटीवरच शिंकले. धूळ उडाली, आकडे गेले.

"पहिल्यापासून घ्या," पंत म्हणाले.

थोड्या वेळाने मंगलाष्टकं ऐकू आली. बुवांनी मान वळवली.

"शेजारच्या मांडवातली असतील. तुम्ही हातचे सांभाळा."

अखेर वजाबाकी आली ८८६४८८३. मघाचा गुणाकारही तेवढाच होता. पंतांचं समाधान झालं. "चला, आता मुहूर्त साधू," म्हणत ते मांडवात आले, तर पंगत बसलेली आणि नवरानवरी एकमेकांना घास भरवत होती.

पंतांच्या पत्नी मथुराबाई तूप वाढत होत्या.

"घटिकापात्र दुसऱ्यांदा बुडालं, दोन घटका भरल्या, तेव्हा मीच अंतरपाट धरायला सांगितला. तुमची पडताळणी उरकली असेल तर पानावर बसा."

 पंत पंगतीतून फिरत प्रत्येकाला सांगू लागले, "सावकाश होऊ द्या. मुहूर्त मी स्वतः तपासलाय."