तात्यांच्या गळ्यातली कारभारीण

तात्या तोंड मिटून बसले की त्यांच्या गळ्यातून कुणीतरी बोलायचं. शेजारच्या खोलीत कळशी ओतावी तसा आवाज यायचा. गुडगुड, मग जरा थांबून, गुडुक. भर दुपारी अंगावर काटा यायचा. तात्या मात्र मान कलती करून ऐकायचे आणि म्हणायचे, "मास्तर, जरा गप बसा. कारभारीण बोलाय लागली."

कारभारीण वारून बरीच वर्षं झाली होती. हणमंततात्या म्हणजे कडेगावातले माझे शेजारी. फौजेतले निवृत्त हवालदार, ताठ कणा, मिशांना पीळ. आवाज बायकोचाच, याबद्दल त्यांना शंका नव्हती. आदल्या दिवशी खाल्लेली वांग्याची फोड सकाळी वाकल्यावर जशीच्या तशी तोंडात परत यायची. "तिला वांगं कवाच आवडलं न्हाई. परत पाठीवलं बघा!" दोडका परत आला की म्हणायचे, "आज मीठ कमी पडलं आसंल."

मी एकदा गमतीनं विचारलं, "काकू, चहा घेणार का?" तात्यांचे ओठ घट्ट मिटलेले होते. गळ्यातून लांबलचक "हूंऽऽ" आलं. त्यानंतर मी गंमत केली नाही.

पुढं घास अडकायला लागला. तात्या वाळले. खोकल्यानं बेजार झाले, दोनदा ताप छातीत उतरला. तेव्हा आष्ट्याहून त्यांची लेक शालन आली आणि आम्ही त्यांना कराडला नेलं.

डॉक्टरीणबाईंनी पांढरं औषध पाजून गळ्याचा एक्स-रे काढला. काळ्या पडद्यावर अन्ननलिकेच्या मागं एक पांढरी पिशवी लोंबत होती. तात्या एकटक बघत राहिले. "पदर घेऊन पाठमोरी बसलीया," ते हळूच म्हणाले. मी नको म्हणत बघितलं. तसंच दिसत होतं. शालननं तोंड फिरवलं.

"आजोबा, गिळताना इथला स्नायू सैल पडत नाही," बाई समजावू लागल्या. "म्हणून त्याच्या वर ही पिशवी फुगली. अन्न तिच्यात साठतं, कुजतं. हवा आणि पाणी घुसळलं की आवाज होतो. झोपेत हेच फुफ्फुसात उतरलं तर जिवावर बेतेल."

"मान चिरणार?"

"अजिबात नाही. भूल देऊन तोंडातूनच दुर्बीण घालायची. पिशवी आणि नलिका यांच्यामधला पडदा आतूनच कापायचा. मग अन्न सरळ खाली जाईल."

"आन आवाज?"

"तो बंद होईल."

तात्या उठले. "चला घरी."

शालन त्यांच्यापुढं आडवी उभी राहिली. "आबा, आई गेली. आता तुमीबी जावा. मी एकलीच राहते!"

तात्या खाली बसले. मग बाहेरच्या बाकड्यावर येऊन गळ्याला हात लावून म्हणाले, "करू का गं?" आम्ही तिघंही कान देऊन बसलो. इतके दिवस बोलणारा गळा त्या वेळी मुका झाला. दवाखान्यातली गर्दीसुद्धा मला लांब गेल्यासारखी वाटली.

"व्हय म्हनली," तात्या म्हणाले. "लग्नाचं इचारलं तवाबी अशीच गप बसली व्हती."

काम नीट झालं. पुन्हा एक्स-रे काढून बाईंनी आधी पाणी, मग पेज सुरू केली. घोट सरळ उतरला. गावी आल्यावर तात्यांच्या अंगावर मांस चढलं. पण त्यांच्या घराची शांतता भिंतीपलीकडं मला ऐकू यायची.

मग एका दुपारी ते जेवणाचा डबा घेऊन आमच्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात येऊन बसले. माझ्या बायकोला म्हणाले, "सूनबाई, तुमी बोला. काय बी बोला."

तिनं हातातलं काम बाजूला ठेवलं. तेव्हा तात्या डब्याकडं बघत म्हणाले, "नोकरीत मी कायम लांब. सुट्टीला आलो की तिला लय बोलायचं आसायचं, मला झोप यायची. म्हनायचो, पेन्शनीत निवांत ऐकतो. पेन्शनीला आलो, आन ती गेली. तिचं सगळं ऱ्हायलंच ऐकायचं."

माझी बायको पाट ओढून बसली आणि बाजारातल्या कोथिंबिरीवाल्याशी झालेलं भांडण सांगू लागली. सांगता सांगता ती माहेरापर्यंत पोचली. तात्यांचा हात डब्यातच थांबला होता. ते एकदाही मधे बोलले नाहीत.