मास्तरांनी सिंह जागा केला

"सिंहाचे डोळे रंगवायचे ना? मी झोपेतसुद्धा रंगवीन!"

त्या रविवारी सकाळपासून चिअम मास्तर हे वाक्य दहा जणांना ऐकवून मोकळे झाले होते. अकरावा कोणी सापडेना, तेव्हा त्यांनी तिकीट देणाऱ्या मुलीलाच ते दुसऱ्यांदा ऐकवलं. ती बिचारी दोन्ही वेळा हसली.

मलेशियातल्या तायपिंगमधल्या आमच्या चिनी वारसा संग्रहालयात मास्तर निवृत्तीनंतर हौसेने माहिती सांगत. आवाज मात्र अजून शाळेतलाच होता, शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा! त्या दिवशी नाचाच्या सिंहांचं, म्हणजे दोघं जण आत शिरून नाचवतात त्या सिंहांचं, नवं दालन उघडायचं होतं, आणि दालनाचा मानकरी होता सिंहनाच शिकवणाऱ्या सियाव उस्तादांच्या वडिलांनी घडवलेला शेवटचा सिंह. बांबूच्या कामट्या, रंगीत कागद, लोकरीच्या भुवया, सगळं कसं देखणं! फक्त डोळे कोरे. ते भरण्याआधीच वडील गेले होते.

उस्तादांचं वय एक्याऐंशी. सिंह घराबाहेर काढायला ते तयारच नव्हते. सहा महिने मास्तरांनी त्यांच्या ओट्यावर चहा ढोसला, तेव्हा कुठे म्हातारा वितळला.

"नेतोस तर ने," उस्ताद म्हणाले. "पण त्याच्याजवळ कुंचला नेलास, तर त्याच पावली परत आणीन."

"माझ्यावर सोडा!" मास्तरांनी छाती ठोकली.

आणि लोकहो, इथूनच सगळं बिघडलं.

मुलांना डोळे भरण्याचा विधी दाखवायला बाजारातून एक नवा सिंह आणला होता. मास्तरांच्या डोक्यात आलं, जुना सिंहही शेजारी ठेवला तर लोकांना फरक कळेल! झालं, जुना सिंह काचेच्या पेटीतून टेबलावर आला. नवा डावीकडे, जुना उजवीकडे. चारचौघांत म्हातारं दिसायला नको म्हणून मास्तरांनी चष्मा खिशात टाकला आणि लोकांकडे तोंड करून भाषण ठोकलं.

"लाल ठिपका पडत नाही, तोवर सिंह म्हणजे कागद आणि बांबू! ठिपका पडला, की तो जिवंत!"

एवढं गरजून ते गर्रकन वळले. वळल्यावर डावं-उजवं बदलतं, हे शिकवायला बहुधा भूगोलाचे मास्तर लागतात. हे पडले इतिहासाचे! डावा डोळा. उजवा डोळा. कपाळ. शिवाय जिभेवर एक ठिपका, आपल्या पदरचा!

टाळी एकही नाही.

"म्हाताऱ्या," पहिल्या रांगेतून त्यांची बायको स्वी गेक शांतपणे म्हणाली, "चष्मा लाव."

मास्तरांनी चष्मा लावला. समोरून जुना सिंह टक लावून त्यांच्याकडे बघत होता!

"पुसतो! उस्ताद, आत्ता पुसतो!"

"जिवंत जनावराचे डोळे पुसतोस?" उस्ताद काठी टेकत उठले. "जागा झालेला सिंह पेटीत कोंडत नसतात. चल रे बाबा, घरी जाऊ." हे शेवटचं सिंहाला होतं.

मास्तरांचा चेहरा पाहवेना. सिंह गेला तर दालनात उरणार काय? रिकामी पेटी आणि चार पाट्या! इपोहहूनसुद्धा लोक आले होते हो!

"थांबा उस्ताद!" स्वी गेक उठली. "जागा झालाय तर नाचवू या. पोटभर खाऊ घालू. मग डोळ्यांवर लाल कागद लावून झोपवता येतोच की!"

"येतो," उस्ताद थबकले. "पण नाचवणार कोण? पोरं सगळी पेनांगला स्पर्धेला गेलीत."

"आम्ही!"

'आम्ही' म्हणजे कोण, हे बघायला मास्तरांनी मागे वळून पाहिलं. मागे भिंत होती.

"मग मी पुढे, डोक्यात!" ते सावरून म्हणाले.

"डोक्यात ज्याला दिसतं तो जातो," उस्ताद म्हणाले. "तू शेपटीत."

स्वी गेकने तीस वर्षं नूडल्सच्या गाडीवर जड कढई उडवली होती. सिंहाचं डोकं तिने टोपलीसारखं उचललं. मास्तर कमरेत वाकून कापडाखाली शिरले. 'हात लावू नये' ही पाटी बाजूला करून उस्तादांनी प्रदर्शनातल्या ढोलावर टिपरू हाणलं, आणि सिंह निघाला!

निघाला म्हणजे पुढचे पाय दाराकडे, मागचे जिन्याकडे.

"इकडे ये!"

"इकडे म्हणजे कुठे? मला तुझ्या चपला दिसतायत फक्त!"

"मग चपलांच्या मागे ये!"

एका वळणावर शेपूट थेट पहिल्या रांगेतल्या लठ्ठ आंटींच्या मांडीवर जाऊन बसलं. "सिंह मांडीवर बसला! वर्षभर बरकत!" आंटी आनंदाने किंचाळल्या. त्याबरोबर आणखी चार आंट्या मांड्या सावरून तयार झाल्या!

जिन्याच्या कठड्याला प्रथेप्रमाणे सॅलडच्या पानांचा हिरवा गड्डा टांगला होता. तो खाल्ल्याशिवाय सिंहाचं जेवण होत नाही. तो होता सिंहाच्या तोंडापासून दीड हात वर.

"उचल!" स्वी गेक ओरडली.

"तुला?"

"नाही, संग्रहालयाला!"

मास्तरांनी डोळे मिटले आणि बायकोला उचललं. त्याच क्षणी त्यांच्या कमरेत 'कट्' झालं. लोकांना तो ढोलाचाच ठेका वाटला, टाळ्यांचा कडकडाट झाला. सिंहाने गड्डा गिळला आणि तोंडातून पानं अशी उधळली, की ती शुभ पानं डोक्यावर झेलायला अख्खं दालन एकमेकांवर पडलं. पोरं नाचली, आंट्या नाचल्या, पहारेकरीसुद्धा नाचला.

ढोल थांबला, तेव्हा उस्ताद रडत होते आणि हसतही होते.

"माझ्या बापाचा सिंह एकदाही नाचला नव्हता," ते म्हणाले. "आज नाचला." आणि त्यांनी सिंहाच्या डोळ्यांवर दोन लाल कागद अलगद चिकटवले. "पोट भरलंय. झोपू दे त्याला इथेच."

सिंह राहिला! मास्तरांना आनंदाने उडी मारावीशी वाटली, पण त्यांना साधं सरळही होता येईना. तेव्हापासून महिनाभर ते काटकोनातच माहिती सांगत होते. येणारा पाहुणा त्यांना बघून गडबडीने तितकंच खाली वाकायचा, आणि मग सगळी माहिती एकमेकांच्या बुटांकडे बघत व्हायची.

महिनाअखेरीस स्वी गेकने पाहुण्यांची अभिप्राय-वही उघडली आणि पोट धरून खालीच बसली. सत्तावीस जणांनी जवळजवळ एकच वाक्य लिहिलं होतं.

'सिंह सुंदर आहे, पण इतका नम्र माणूस आम्ही जन्मात पाहिला नाही!'