दोनशे बारा पावलं

फ्लॅट पसंत होता, मालकीणबाई पसंत होत्या, भाडंही घासाघीस करून पसंतीला आणलं होतं. आता सही तेवढी राहिली होती, आणि नेमके तेव्हाच मोजणीसाहेब दारात चपला शोधत होते.

"अहो, निघालात कुठे?" काकूंनी विचारलं.

"मोजून येतो. फाटक ते बेकरी."

साहेबांची उभी हयात लोकांच्या जमिनी मोजण्यात गेली होती. निवृत्त झाल्यावर मोजणीची साखळी कचेरीत जमा झाली, सवय मात्र घरी आली. स्वतः मोजल्याशिवाय त्यांनी कुठे सही केली नव्हती. लग्नाच्या नोंदणीच्या वेळीसुद्धा ते आधी टेबलाची लांबी वितीने मोजत होते, असं काकू सांगत.

याच इमारतीत, तळमजल्यावरच्या एका खोलीत, दोघांनी भाड्याने संसार थाटला होता. अकरा वर्षं. बेकरी, शिंपी, दवाखाना, वाचनालय, सगळं चार पावलांवर. मग साहेबांनी गावाबाहेर घर बांधलं. ऐसपैस, हवेशीर आणि पाव आणायलाही गाडी काढावी लागेल असं. आता डोळ्यांच्या डॉक्टरांनी साहेबांची गाडी बंद केली होती आणि चार महिने काकू भिंतींशी बोलत होत्या. हा फ्लॅट हातचा गेला, तर पुढचं बोलणंही भिंतींशीच होतं.

"काका, पाचला दुसरी पार्टी येतेय हो," एजंट काकुळतीला आला.

"मी कुणासाठी थांबायची नाही," मालकीणबाई म्हणाल्या. "पाच वाजता जो समोर असेल त्याची सही."

"पाचच मिनिटं." साहेबांनी खिशातून एक जुनी डायरी काढली. "हे बघा, लग्नाच्या वर्षीची नोंद. फाटक ते बेकरी, दोनशे बारा पावलं. तेवढी भरली, की सही."

तेव्हा सव्वाचार झाले होते.

काकू खिडकीशी उभ्या राहिल्या. खाली साहेब हात मागे बांधून, ओठ हलवत निघाले. शिंप्याच्या दुकानापर्यंत सगळं सुरळीत होतं.

"अरे, कोण हे! आहात होय अजून!" शिंपी मशीन सोडून बाहेर आला. "कंबर फारच वाढवलीत की!"

दहा मिनिटं कंबरेवर गेली. सुटका झाल्यावर साहेब दोन पावलं चालले, थबकले, कपाळावर हात मारला आणि मुकाट्याने फाटकाशी परत आले.

दुसऱ्या खेपेला दवाखान्याच्या पायरीवरून म्हाताऱ्या डॉक्टरांनी काठी आडवी घातली. "आधी जीभ दाखव, मग पुढे जा." साहेबांनी भररस्त्यात जीभ दाखवली. परत फाटक. तिसऱ्या खेपेला शिंपी टाळायला ते पलीकडच्या फुटपाथवरून गेले. शिंप्याला ते लागलं. कुणाची तरी अर्धी शिवलेली पँट हातात घेऊन तो रस्ता ओलांडून आला. "माझं काही चुकलं का, साहेब?"

परत फाटक.

"काकांचं काही हरवलंय का?" एजंटाने विचारलं.

"आकडा," काकू म्हणाल्या.

पाचला दहा कमी असताना दुसरी पार्टी आली. गळ्यात हेडफोन अडकवलेला एकटा तरुण. "बाजार, स्टेशन, सगळं चालत? मस्त. घेतो मी." त्याने पेनसुद्धा काढलं. तेवढ्यात त्याची नजर खिडकीबाहेर गेली.

"ते आजोबा कोण? सगळे त्यांना अडवताहेत का?"

"जुने आहेत इथले," काकू म्हणाल्या. त्यात खोटं काहीच नव्हतं.

"इथे असं सगळ्यांनाच अडवतात?"

"छे! त्यांचं लवकर आटोपतंय. नव्या माणसाला बसवून घेतात."

"शिंपी तर पगारही विचारतो," मालकीणबाईंनी कौतुकाने भर घातली. "आपुलकी आहे हो आमच्या गल्लीत."

तरुणाने पेनाला टोपण लावलं. "कळवतो," म्हणाला आणि गेला. फाटकात शिंप्याने "कुणाकडे आला होतात?" म्हणून विचारलं, तेव्हा तो चक्क पळाला.

पाच वाजून पाच मिनिटांनी साहेब धापा टाकत वर आले. "घर नको!"

एजंट दार अडवून उभा राहिला.

"दोनशे सत्त्याऐंशी! जाताना तेवढीच, येताना तेवढीच. पंचाहत्तर पावलांची तफावत! बेकरी सरकवलीय यांनी."

"बेकरीवाला काय म्हणाला?"

"म्हणतो, आजोबांची भट्टी आहे, काका, तिला काय चाकं आहेत? मला शिकवतो!"

मालकीणबाईंनी तोंड उघडलं. काकूंनी नुसत्या नजरेने ते मिटवलं आणि साहेबांना खिडकीशी नेलं.

"अहो, तेव्हा तुमची दोनशे बारा भरायची. माझी किती, विचारलंत कधी?"

"तुझी?"

"दोनशे सत्त्याऐंशी. अकरा वर्षं मागून धावलेय तुमच्या. तुम्ही पाव घेऊन परत फिरायचात, तेव्हा मी पोचायचे. आता कुठे बरोबर पोचू म्हटलं, तर तुम्ही घरच नको म्हणताय."

साहेबांनी आपल्या पायांकडे बघितलं. मग त्यांनी एजंटाकडून पेन मागून घेतलं आणि सही केली.

त्यानंतर दोघं पाव आणायला निघाले, शेजारी शेजारी. शिंप्याने मान वर केली, दोघांना पाहिलं आणि काहीही न विचारता पुन्हा मशीन चालवायला घेतली. बेकरीच्या दारात साहेबांनी डायरी उघडली.

"तुझी किती भरली?"

काकूंची तीनशे एक्केचाळीस भरली होती.

"दोनशे सत्त्याऐंशी," त्या म्हणाल्या. "बरोब्बर."

साहेबांनी शाईने नोंद केली आणि खाली सही ठोकली. आयुष्यभराच्या डायऱ्यांमधली ती पहिली चुकीची नोंद. काकूंना त्याचं काही वाटलं नाही. कारण वाटेत साहेब दोनदा बुटाची नाडी बांधायला खाली वाकले होते, आणि त्यांच्या पायांत चपला होत्या.