धुतलेल्या तबकड्या

धूळ दिसली की वहिनींचे हात शिवशिवायचे. त्यात माणूस, भांडं, यंत्र असा भेदभाव त्यांनी कधी केला नाही. रेकॉर्ड कंपनीचा माणूस दुसऱ्या दिवशी येऊन आत्याबाईंच्या गाण्यांच्या जुन्या तबकड्या घेऊन जाणार असं कळलं आणि वहिनींनी लगेच सिंकमध्ये गरम पाणी काढलं, त्यात भांड्यांचा साबण कालवला आणि सगळ्या तबकड्या बुडवल्या. परक्या माणसाच्या हातात मळकी वस्तू द्यायची म्हणजे घराची अब्रूच गेली की.

आत्याबाई ही वहिनींची नणंद. गल्लीतली पोरं आत्याबाई म्हणायची, म्हणून मग मोठेही म्हणायला लागले. साठच्या दशकात या बाई पॉप गायच्या. मागे ट्रम्पेट, ड्रम, कोरसला तीन मुली, असा सगळा थाट. त्या वेळी छोट्या तबकडीवर दोनच गाणी असत, एक पुढच्या बाजूला आणि एक मागच्या. पुढचं गाणं कंपनीचे मालक स्वतः निवडायचे. ‘हळूच हाक मारा’, ‘नजर खाली माझी’, ‘तुमची मी बाहुली’ असली गाणी. आवाज दाबून, मान वाकडी करून गायची. मागची बाजू कोण ऐकतंय, म्हणून मालक तेवढ्यात घरी जेवायला जायचे आणि आत्याबाईंना सांगायचे, काय गायचं ते गा. मग बाई पदर खोचायच्या आणि वाजवणाऱ्यांना म्हणायच्या, आता होऊन जाऊ दे. ‘चप्पल घाल आणि नीघ’ हे गाणं असंच झालं. ‘माझी खोली, माझी किल्ली’ पण तसंच.

मागची बाजू खरंच कोणी ऐकली नाही. लोकांनी पुढचीच गाणी डोक्यावर घेतली आणि आत्याबाईंचं नाव पडलं ‘लाजरी बुलबुल’. ज्या बाईने घरमालकाला जिन्यावरून खाली पाठवलं होतं, तिचं हे नाव. तिला ते कधीच आवडलं नाही, पण तिला विचारतंय कोण?

आता इतक्या वर्षांनी कंपनीने सगळी गाजलेली गाणी एका अल्बममध्ये काढायची ठरवली. कंपनीच्या गोदामातल्या मूळ टेपा ओलीने एकमेकींना चिकटल्या होत्या, म्हणून बाईंच्या घरच्या तबकड्यांवरून काम करायचं होतं. आत्याबाईंनी कंपनीच्या मॅनेजरला एकच विनंती केली. मागच्या बाजूचं एक गाणं घ्या, फक्त एक. मरायच्या आधी ते चार माणसांनी ऐकावं, एवढीच इच्छा होती त्यांची. मॅनेजर हसून म्हणाला, त्याला मार्केट नाही. त्यांनी पुन्हा विचारलं, तो पुन्हा हसला. त्या रात्री त्या जेवल्या नाहीत.

तर सिंकमध्ये काय झालं? गरम पाण्याने तबकड्यांवरचे गोल कागद कडेने सुटायला लागले. पण बाई शिस्तीची. एकेक तबकडी बाहेर काढायची, वरचा कागद सोलून फरशीवर डाव्या हाताला ठेवायचा, तबकडी उलटी करायची, दुसरा कागद सोलून उजव्या हाताला. वाळल्यावर डिंक घेऊन बसल्या. जो आधी काढला तो आधी लावायचा, हा त्यांचा नियम. फक्त तबकडी आता उलटी पडलेली होती, म्हणून पुढचा कागद मागच्या बाजूला बसला, एवढंच. एखादी अजागळ बाई असती तर निम्मे कागद तरी नशिबाने बरोबर लागले असते. वहिनींच्या शिस्तीमुळे एकही लागला नाही. आत्याबाईंना त्या काही बोलल्या नाहीत. दिसायला तबकड्या नव्यासारख्या दिसत होत्या, मग उगाच कशाला?

रेकॉर्डिंगवाल्याने ही गाणी आयुष्यात ऐकलेली नव्हती. कागदावर पुढची बाजू लिहिलेली बघायची आणि सुई ठेवायची, एवढंच त्याला सांगितलं होतं. गाणी एकदम जबरदस्त आहेत, असं त्याने मॅनेजरला सांगितलंही. मॅनेजर म्हणाला, म्हणून तर ती गाजली ना. स्वतः ऐकायला त्याला वेळ कुठला. तो कव्हरवरच्या बुलबुलाचा रंग ठरवण्यात गुंतला होता.

अल्बम निघाला त्या दिवशी सभागृह भरलं. जुने चाहते जोडप्याजोडप्याने आले होते. दारातच प्रत्येकाने अल्बम घेतला. मॅनेजरने भाषण ठोकलं, लाजेवर चांगली पाच मिनिटं बोलला आणि म्हणाला, ऐका, ‘हळूच हाक मारा’. ट्रम्पेट कडाडलं आणि पाठोपाठ आत्याबाईंचा तरणा आवाज आला. तो कुणाला तरी बजावत होता की चप्पल घाल आणि नीघ, आणि जाताना दार ओढून घे. पहिल्या रांगेतल्या एका आजोबांनी कानातलं यंत्र काढून झटकून पाहिलं. मॅनेजरने घाईघाईने पुढचं गाणं लावलं. तेही तसलंच. त्याच्या पुढचं तर त्याहून वर.

सगळं सभागृह गप्प होतं. एकट्या वहिनी मोठमोठ्याने सोबत गात होत्या. त्यांना काही चुकल्यासारखं वाटलंच नाही. आत्याबाई न्हाणीघरात रोज हीच गाणी म्हणायच्या. शेजारी आत्याबाई तोंडावर हात धरून रडत होत्या. मॅनेजरला वाटलं, लाजेने.

पडद्यामागे त्याने परत द्यायला आणलेली एक तबकडी हातात घेतली. कागद नखाने सहज सुटला आणि खालून लिंबाच्या साबणाचा वास आला. वहिनींचा चेहरा उतरला. त्यांनी सगळं कबूल केलं, अगदी डावा हात, उजवा हात दाखवून. मॅनेजर त्यांच्या अंगावर ओरडला. घरच्यांनी वाटोळं केलं असं पेपरात छापतो म्हणाला. मग आत्याबाईंकडे वळला. बाई, तुम्ही माइकवर जा, चूक झाली म्हणून सांगा, लोक अल्बम परत देतील, महिन्याभरात आपण खरी गाणी घालून पुन्हा काढू. तोवर दाराशी टेबल मांडायचा हुकूमही त्याने सोडला.

“वन्सं, माफ करा हो,” वहिनी म्हणाल्या. “माझ्यामुळे सगळं गेलं.”

“गेलं?” आत्याबाई म्हणाल्या. “वहिनी, आजच तर आलंय. आणि कंपनीवाले ते परत न्यायला बघतायत.”

आणि त्या माइकवर गेल्या.

“कंपनी म्हणते चूक झाली. झालीच. इतकी वर्षं तुम्हाला ज्या बाईची गाणी ऐकवली, ती मी नव्हतेच. आज ऐकलीत ती मी. तबकड्या माझ्या वहिनीने धुतल्या. तिला कुणी एक शब्द बोललं तर गाठ माझ्याशी आहे. ज्यांना ती जुनी बाई हवी असेल, त्यांनी दाराशी अल्बम परत द्यावा. मला राग येणार नाही.” त्या थांबल्या. “थोडा येईल.”

टाळ्या वाजल्या नाहीत. लोक उठले आणि दाराशी टेबलासमोर रांग लागली. मॅनेजरने सुटकेचा निःश्वास सोडला. आत्याबाई लांब उभ्या राहून रांगेकडे बघत होत्या. रांगेत पहिल्या एक जाडजूड काकू होत्या.

“द्या काकू, महिन्याने नवीन देतो,” मॅनेजर म्हणाला.

“परत कशाला देऊ? अजून एक पाहिजे. हा माझ्याकडे राहील. दुसरा मुलीच्या सासरी पाठवणार.”

मागच्या बाईंना तीन हवे होते. त्यांच्या मागे काकूंचे यजमान होते. त्यांनी मात्र हळूच विचारलं, लाजरी गाणी खरंच महिन्याने येणार ना? काकूंनी मागे वळून पाहिलं, तसे ते रांगेतून बाहेर पडले.

टेबलावर परत आलेला अल्बम एकही नव्हता. सभागृह रिकामं होईपर्यंत मॅनेजरचा आवाज लोण्यासारखा झाला होता. बाई, हे तर चाललं, म्हणाला. पण ती जुनी गाणीपण वाया घालवायला नकोत. पुढच्या वर्षी ती काढू. तुम्ही फक्त हो म्हणा.

आत्याबाईंनी वहिनींचा हात धरला आणि पायऱ्या उतरायला सुरुवात केली.

“मी मेल्यावर काढा,” त्या म्हणाल्या. “जिवंत आहे तोवर मी लाजायची नाही.”