उरलेल्या घासांचं गणित

"हा अर्धा पाव माझा नाही," ताट सरकवत वगीह उस्ताज म्हणाले. "माझ्या आजच्या पंधराशे कॅलरी झाल्या."

"मग काय फेकायचा? अन्न फेकलं तर अल्ला विचारेल मला," असं म्हणून इन्शिराहने तो पाव स्वतःच खाऊन टाकला.

उस्ताज, म्हणजे मास्तर, दमियात गावच्या शाळेत तीस वर्षं गणित शिकवत होते. बारा किलो उतरल्याशिवाय गुडघ्याच्या ऑपरेशनला हात लावणार नाही, असं डॉक्टरांनी बजावल्यापासून ते ऑलिव्हसुद्धा मोजून खात. मोजणीत न बसलेलं सगळं बायकोच्या पोटात जाई.

महिन्याने दोघं वजनकाट्यावर चढली. उस्ताज तीनशे ग्रॅमने उतरले होते आणि इन्शिराह सहा किलोने.

"काटा बिघडलाय," उस्ताज म्हणाले. बायकोला घेऊन ते औषधाच्या दुकानातल्या काट्यावर गेले. तोही तेच म्हणाला.

मग त्यांना संशय आला, की ही अन्न लपवून मांजरांना घालते. त्यांनी दोन दिवस दाराच्या फटीतून पाळत ठेवली. इन्शिराहने बसबूसा या रव्याच्या मिठाईचे तीन तुकडे खाल्ले आणि वर तांब्याभर पाणी पिऊन लगेच दुसरा तांब्या भरला. उस्ताजांनी वहीत लिहिलं: सत्तावीसशे. समीकरणाच्या दोन्ही बाजू सारख्या असतात, हे त्यांनी हजारो पोरांना छडी दाखवून शिकवलं होतं. आता झोप त्यांचीच उडाली.

तोवर इमारतीत बोभाटा झाला. वरच्या मजल्यावरची तहिय्या जिन्यातच आडवी आली.

"इन्शिराह, कंबर कुठे गेली गं तुझी? काय खातेस?"

"काही नाही बाई. ह्यांचं उरलेलं खाते."

दुसऱ्या दिवशी तहिय्या रिकामी ताटली घेऊन दारात हजर. "उस्ताज, थोडं उरवा ना माझ्यासाठी!" तिच्यामागे आणखी दोघी. उस्ताजांनी उरवलं. पंधरा दिवसांत तिघी फुगल्या. तहिय्या तर भांडायलाच आली, "तुमच्या उष्ट्यात काहीतरी भेसळ आहे!"

इन्शिराह मात्र वाळतच राहिली. लग्नातला हिरवा झगा अंगात आला म्हणून ती आरशासमोर दोनदा फिरली आणि चक्कर येऊन पलंगावर बसली. "दमले जरा," ती म्हणाली. उस्ताजांनी चक्करसुद्धा वहीत नोंदवली. व्यायाम म्हणून.

शेवटी वही काखोटीला मारून ते बायकोला डॉक्टरांकडे घेऊन गेले.

"डॉक्टर, हिचा हिशेब जुळत नाही. काहीतरी लपवते."

डॉक्टरांनी वही उघडलीच नाही. त्यांनी इन्शिराहचे सुकलेले ओठ पाहिले. "पाणी किती पिता? रात्री उठता का?"

"चार-पाचदा. ह्यांना वाटतं मी चोरून खायला उठते."

बोटातून थेंबभर रक्त काढलं. साखर साडेचारशेच्या वर.

"अंगी काही लागतच नाहीये यांच्या," डॉक्टर म्हणाले. "खाल्लेलं लघवीवाटे वाहून जातंय. तुम्ही दोन महिने काय बघत होतात?"

उस्ताज वहीकडे बघत होते. दोन महिने ते तेच बघत होते.

इन्शिराहला लगेच दाखल करून घेतलं. पंधरा दिवस उस्ताज खाटेशेजारच्या लोखंडी खुर्चीवर बसून होते. इन्सुलिनची सुई टोचायला शिकताना त्यांनी ती तीनदा परत ठेवली, तेव्हा इन्शिराहनेच त्यांचं मनगट धरलं.

घरी आल्यावर तिने झगा घालून पाहिला. पाठीवरची गुंडी लागेना.

"सुटले मी पुन्हा," ती रडवेली झाली. "दोन किलो."

"अल्हम्दुलिल्लाह, अंगी लागायला लागलं," उस्ताज म्हणाले.

तिने डोळे पुसून त्यांच्याकडे नीट पाहिलं. त्यांची पँट कमरेवर ठरत नव्हती. एका हाताने त्यांनी ती धरून ठेवली होती.

"अहो, दवाखान्यात काय खात होतात तुम्ही?"

उस्ताजांनी मोकळ्या हाताने वही उघडली; त्या पंधरा दिवसांची पानं कोरी होती.

"आठवत नाही," ते म्हणाले.